आवाजासाठी सोडलेली जागा: रिदम अँड साउंड आणि टिकीमन, एक प्रकरण अभ्यास

1996 साली बर्लिनमध्ये ‘बरियल मिक्स’ या नव्या लेबलची पहिली रेकॉर्ड निघाली. दहा इंची, एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्यातून आवाज बाजूला काढून उरलेलं ‘व्हर्जन’. लेबलवर दोन नावं होती, रिदम अँड साउंड आणि टिकीमन. पुढची दोन वर्षं याच जोडीच्या रेकॉर्ड निघत राहिल्या आणि 1998 साली त्यांचा ‘शोकेस’ हा संग्रह आला. टेक्नो आणि रेगे यांची गाठ घालायचे प्रयोग आधी झाले होते, नंतरही पुष्कळ झाले. त्यातले बरेचसे आज ऐकवत नाहीत, कारण त्यात तयार ट्रॅकवर आवाज नुसता चिकटवलेला असतो. हे काम मात्र जुनं झालं नाही. ते कसं बांधलं आहे आणि आज असं काही करायचं तर कुठे अडतं, हा या लेखाचा विषय.

रिदम अँड साउंड म्हणजे मार्क अर्नेस्टस आणि मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड. अर्नेस्टसने 1989 मध्ये क्रॉइझबर्ग भागात ‘हार्ड वॅक्स’ हे रेकॉर्डचं दुकान काढलं, आणि डेट्रॉइटचा टेक्नो व जमैकाचा रेगे एकाच छताखाली विकायला ठेवला. फॉन ओस्वाल्ड मूळचा तालवाद्यवाला, ऐंशीच्या दशकात ‘पाले शाउमबुर्ग’ या हॅम्बुर्गच्या बँडमध्ये वाजवायचा. 1993 मध्ये दोघांनी ‘बेसिक चॅनल’ सुरू केलं. एकच कॉर्ड, त्यावर फिल्टर आणि एको, खाली न थांबणारा ठेका, एवढ्या सामग्रीवर त्यांनी दहा-दहा मिनिटांचे ट्रॅक केले. 1995 मध्ये ‘डबप्लेट्स अँड मास्टरिंग’ ही रेकॉर्ड कापायची सोय त्यांच्याच वर्तुळात उभी राहिली. ही गोष्ट किरकोळ समजू नये. आपला ट्रॅक लेथवर, म्हणजे तबकडीत खाच कापणाऱ्या यंत्रावर, कसा उतरतो हे ज्याला रोज बघायला मिळतं, तो बेस वेगळ्या शहाणपणाने लावतो.

टिकीमन म्हणजे पॉल सेंट हिलेअर. तो मूळचा डॉमिनिका बेटाचा, राहायला बर्लिनला. डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. हे पूर्व कॅरिबियनमधलं छोटं बेट आहे, 1978 मध्ये ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालं, तिथे इंग्रजीबरोबर फ्रेंच वळणाची क्रेओल बोलली जाते. रेगे हे तिथलं घरचं संगीत नव्हे. तिथली ओळख म्हणजे सत्तरच्या दशकातलं केडन्स-लिप्सो आणि नंतरचं बूयोन. त्यामुळे ‘जर्मन यंत्रं आणि अस्सल जमैकन आवाज’ ही जी सोपी मांडणी केली जाते, ती मुळातच चुकीची आहे. दोन्ही बाजू जमैकाकडे बाहेरूनच बघत होत्या.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवलेला बरा. इलेक्ट्रॉनिक्स युरोपने कॅरिबियनला दिलं असं काही नाही. किंग टबी हा किंग्स्टनमधला रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. सत्तरच्या दशकात त्याने डायनॅमिक साउंड्स स्टुडिओचा जुना एमसीआय मिक्सर घेतला आणि त्यावरच्या हाय-पास (खालचे सूर कापणाऱ्या) फिल्टरचा मोठा खटका फिरवत अख्खी गाणी उसवून पुन्हा विणली. 1985 मध्ये किंग जॅमीने ‘स्लेंग टेंग’ हा ठेका बाजारात आणला. तो कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालावर उभा होता, आणि तो ताल बसवला होता ओकुडा हिरोको या जपानी अभियंता बाईंनी. बर्लिनच्या जोडीने शिकवलं कमी आणि घेतलं जास्त, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. 2001 पासून त्यांनी ब्राँक्समधल्या ‘वॅकीज’ या रेगे लेबलच्या जुन्या रेकॉर्ड नव्याने छापायला घेतल्या, तो याच ऋणाचा भाग.

आधी आकार ठरला

आपल्याकडे चाल आधी की शब्द आधी हा वाद जुना आहे. जमैकन पद्धतीत दोन्हीच्या आधी ठेका येतो, ज्याला तिथे ‘रिडिम’ म्हणतात. ड्रम, बेस आणि एक-दोन कॉर्ड असा पूर्ण सांगाडा तयार असतो, त्यावर एक गायक गातो, उद्या दुसरा गाईल. आवाज काढून घेतला की व्हर्जन. सत्तरच्या दशकात ‘शोकेस’ नावाच्या एलपी निघायच्या, ज्यात प्रत्येक गाण्याला लागून त्याचं डब, म्हणजे एको आणि फिल्टरने उसवलेलं, व्हर्जन असायचं. बर्लिनच्या संग्रहाचं नाव तिथूनच आलं. दहा इंची आकारही तिकडचाच. साउंड सिस्टिमसाठी (नाचाच्या मैफलीत रेकॉर्ड वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकर-संचासाठी) एकदोन प्रती कापायच्या त्या लॅकरचा थर दिलेल्या तबकड्या, म्हणजे डबप्लेट, बहुधा दहा इंचीच असत.

या आकाराचा कामावर सरळ परिणाम होतो. दुसऱ्या बाजूला ट्रॅक आवाजाशिवाय वाजणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असलं, की तो नुसता ‘मागचा ट्रॅक’ ठेवून चालत नाही. त्यात स्वतःचं काहीतरी घडत राहावं लागतं. पण फार घडलं तर पहिल्या बाजूला गायकाला उभं राहायला जागा उरत नाही. हा ताण सोडवायचा एकच मार्ग आहे. घडणारी गोष्ट सुरांत किंवा नव्या वाद्यांत ठेवायची नाही, तर पोतात ठेवायची. कॉर्ड तीच, पण तिचा फिल्टर हळूहळू उघडतो. हाय-हॅट तोच, पण त्याचा एको दर चौथ्या आवर्तनाला जरा लांबतो. मागची खरखर कधी दाट, कधी विरळ. गायकाच्या ओळीशी यातल्या कशाचीच टक्कर होत नाही, आणि आवाज काढला तर ऐकायला पुरेसं उरतं.

इथून पुढे आकडे येतील. ते असा ट्रॅक आज दोघांनी बसून करायचा तर लागणारे आहेत. कुणा एका रेकॉर्डचं माप म्हणून ते घेऊ नयेत.

ठेका: काय ठेवायचं आणि काय काढायचं

लय मिनिटाला 75 ठोके धरू, हिशेब सोपा होतो. एक ठोका 800 मिलिसेकंद, चार ठोक्यांचं आवर्तन 3.2 सेकंद. सहा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये साधारण 112 आवर्तनं बसतात.

रेगेतल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिल्या ठोक्यावर किक नसते, ती तिसऱ्यावर पडते. समेवर थाप न देता सम दाखवायची, असा हा प्रकार. टेक्नोत वाढलेला हात इथे हमखास चुकतो, कारण त्याला पहिल्या ठोक्यावर किक नसली की ट्रॅक तुटल्यासारखा वाटतो. मग तो चारही ठोक्यांवर किक ठेवतो आणि वरून गिटारसारखा उलटा ठेका लावतो. ते ‘स्टेपर्स’ म्हणून चालतं, पण किक मऊ हवी. 2 ते 5 किलोहर्ट्झमधला टोकदार ‘टक’ काढून टाकायचा, नाहीतर आवाजातली व्यंजनं आणि किक एकमेकांवर आदळतात.

बेसमध्ये सूर कमी ठेवायचे, दोन आवर्तनांत चार-पाच पुरेत. ई सुरावर बेस लावला तर मूळ कंप 41 हर्ट्झचा, ए वर 55 चा. किकचा गाभाही 55 च्या आसपास असेल आणि गाणं ए मध्ये असेल, तर दोघं एकमेकांना खातात. कधी किक गायब, कधी बेसचा पहिला सूर. लोक अशा वेळी ईक्यू (ठराविक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारं साधन) घेऊन बसतात. त्यापेक्षा किकचा सूर चार-पाच अर्धस्वर वर न्यावा किंवा बेसची पहिली नोट अर्धा ठोका उशिरा टाकावी. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण रेगेचा बेस तसाही समेला बगल देऊन येतो. एवढं करूनही भागलं नाही, तर किकच्या ठोक्याला बेस 2-3 डेसिबल दबेल असा साइडचेन लावावा. त्याहून जास्त दाबलं की बेस पंपासारखा धापा टाकतो आणि सगळं क्लबचं वाटायला लागतं.

निव्वळ साइन वेव्हचा बेस मोठ्या स्पीकरवर भिंत हलवतो, फोनवर मात्र शून्य. थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) देऊन दुसरा-तिसरा हार्मोनिक, म्हणजे 41 चे 82 आणि 123, वर आणावा. यात गायकाचाही फायदा आहे, तो पुढे येईल.

कॉर्ड एकच, मायनर, तीन किंवा चार सुरांची, दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर किंवा त्यांच्या मधल्या अर्ध्यावर. तिला 300 हर्ट्झखाली आणि 2.5 किलोहर्ट्झवर कापायचं. कापल्यावर ती एकटी ऐकली तर टेलिफोनमधून आल्यासारखी किरटी लागते, आणि निर्माता घाबरून पुन्हा जाड करतो. करू नये. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण 100 ते 250 हर्ट्झमध्ये असतो आणि शब्द कळतात ते 1 ते 4 किलोहर्ट्झमुळे. कॉर्ड किरटी असेल तरच आवाजाची छाती आणि शब्द दोन्ही शाबूत राहतात.

ठेका झाला की एक कसोटी लावावी. सगळे फेडर (पातळी ठरवणारे सरकते खटके) जसेच्या तसे ठेवून एखाद्या कार्यक्रमाचं साधं निवेदन त्यावर वाजवावं. शब्द समजण्यासाठी निवेदन ठेक्याहून बरंच वर न्यावं लागत असेल, तर ठेक्यात अजून काढण्यासारखं आहे. गायकाला त्याआधी बोलवू नये.

आवाज

टिकीमन या रेकॉर्डवर ओरडत नाही, ताना घेत नाही. आवाज खालच्या पट्टीत, बोलण्याला लागून, ओळी छोट्या, आणि तीच ओळ पुन्हा येते तेव्हा तिचा शेवट जरासा वळलेला असतो. दोन ओळींमध्ये बराच वेळ तो गप्प असतो. या गप्प राहण्यानेच निर्मात्याच्या एकोला जागा मिळते. अखंड गाणाऱ्या माणसाच्या आवाजावर एको टाकायला फटच नसते.

म्हणून शब्द लिहिताना आवर्तनं मोजून लिहावेत. आठ आवर्तनांचा, म्हणजे 25.6 सेकंदांचा चौक धरला तर त्यात आवाज चार आवर्तनांहून जास्त नको. पहिल्या दोनांत ओळ, पुढची दोन रिकामी, मग दुसरी ओळ, मग पुन्हा रिकामी. मुखडा-अंतरा-मुखडा या सवयीने गाणारा गायक चार ओळी सलग गातो आणि तिथेच डब संपतो. त्याला ‘कमी गा’ सांगून उपयोग होत नाही, कागदावर रिकामी आवर्तनं आखून द्यावी लागतात.

रेकॉर्डिंगसाठी घरातली खोली असेल तर डायनॅमिक माइक घ्यावा, तोंडापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर. गायकाच्या पाठीमागे गादी किंवा जाड रजई टांगावी. माइकच्या मागे फोम लावून समोरची उघडी भिंत तशीच सोडणं ही नेहमीची चूक, कारण माइक बघतो ती गायकाच्या मागची भिंत. खोलीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरला तर नंतर प्रत्येक एकोबरोबर ती खोलीही पुन्हा पुन्हा ऐकू येते. पातळी 24 बिटमध्ये टोकाला उणे 12 डेसिबलपर्यंत. इतक्या जवळून गाताना 200 हर्ट्झखालचा भाग फुगतो, म्हणून 90 हर्ट्झवर हाय-पास आणि 250 च्या आसपास 2-3 डेसिबलची खळगी. कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं) 3:1, अॅटॅक 15-20 मिलिसेकंद, जास्तीत जास्त 5-6 डेसिबल दाबेल इतकं.

हेडफोनमध्ये एक गोष्ट हमखास फसते. असा ठेका बहुतेक बेसच असतो, आणि 41 हर्ट्झवरून सूर पकडणं कुणालाही कठीण. गायक अर्धा सूर खाली जातो, सगळे त्याला दोष देतात, तोही वैतागतो. खरं तर त्याला सूर दिसतच नसतो. हेडफोनमध्ये बेस 4-6 डेसिबल खाली घ्यावा, कॉर्ड तेवढीच वर घ्यावी. वर सांगितलेला बेसचा 82 आणि 123 चा थर इथे कामी येतो. तरी भागलं नाही तर मूळ सुराचा एक सपाट ऑर्गन फक्त हेडफोनसाठी लावून द्यावा, मिक्समध्ये घेऊ नये.

एको ऐकवत गाऊन घ्यायचं की कोरडं? उत्तर आहे, एको ऐकवत, पण रेकॉर्ड कोरडं. एको ऐकू आला की गायक आपोआप थांबायला शिकतो. रेकॉर्डिंगमध्येच एको भाजून टाकला तर व्हर्जन करताना हात बांधले जातात. गायक स्वतःला उशिरा ऐकत असेल तर ऑडिओचा बफर (संगणक आवाज साठवून पुढे देतो तो तुकडा) 128 सॅम्पलवर आणावा, 48 किलोहर्ट्झला तो 2.7 मिलिसेकंद होतो. जड प्लगिन त्या वेळी बंद.

मराठी गायकांसाठी एक सूचना. जमैकन पात्वाची नक्कल करू नये. ज्यांना ती बोली येते त्यांना चौथ्या शब्दाला कळतं आणि ज्यांना येत नाही त्यांना त्यातून काही मिळत नाही. मराठीत, मालवणीत, कोकणीत गावं, पण ओळीचा शेवट कुठल्या ध्वनीवर होतो ते बघावं. ‘पाऊस’वर ओळ संपवली आणि तिथे एको टाकला तर वीस वेळा ‘स्स’ ऐकू येतो. तीच ओळ ‘पाणी’वर किंवा ‘पावसा’वर संपली तर लांब स्वर एकोमध्ये छान विरघळतो. ट, ड, च यांचे धक्के एकोत जणू नवा तालवाद्यवाला बसवतात. कधी ते हवंच असतं, पण ठरवून हवं.

एको, म्हणजे खरं काम

नवशिका निर्माता आवाजाच्या ट्रॅकवर डिले (एको तयार करणारं साधन) टाकून तो 25 टक्क्यांवर ठेवून देतो. त्यामुळे प्रत्येक शब्दाला सारखाच एको लागतो, शब्द गढूळ होतात आणि काही घडल्यासारखं वाटत नाही. डबमध्ये एको वेगळ्या वाटेवर असतो. आवाज कोरडा आपल्या फेडरवर, आणि ‘सेंड’, म्हणजे आवाज एकोकडे पाठवणारा नॉब, शून्यावर. एखादं अक्षर आलं की सेंड झटकन वर, लगेच खाली. पूर्ण ओळ कोरडी आणि फक्त शेवटचं अक्षर दूर जातं.

सेंडची वेळ बघा. अक्षर 400 मिलिसेकंदांचं असेल तर नॉब त्याच्या आधी किमान 50 मिलिसेकंद उघडायला हवा, नाहीतर अक्षराचा तोंडचा भाग कापला जातो आणि एकोत नुसता स्वर येतो. बंद करायला उशीर झाला तर पुढच्या शब्दाचं तोंड आत येतं. माऊसने हे रेखाटता येतं, पण हाताने खऱ्या नॉबवर केलेलं नेहमी जिवंत लागतं. एक साधा मिडी कंट्रोलर पुरे. सेंडचे तीन-चार पूर्ण पास रेकॉर्ड करून त्यातला चांगला ठेवावा, तुकडे जोडत बसू नये.

वेळ 600 मिलिसेकंद, म्हणजे पाऊण ठोका, हा रेगेचा आवडता आकडा. ठोक्याच्या बरोबरीने न पडता तो दोन ठोक्यांच्या फटीत पडत जातो आणि पूर्ण ठोक्यावर परत यायला चार फेऱ्या लागतात. 400 घेतला तर एको हाय-हॅटवर बसतो आणि ऐकूच येत नाही.

आता फीडबॅक, म्हणजे एकोचा किती भाग पुन्हा एकोत परत जातो ते. 50 टक्के असेल तर प्रत्येक फेरीला आवाज 6 डेसिबलने उतरतो, 60 डेसिबल उतरायला दहा फेऱ्या, म्हणजे सहा सेकंद. 70 टक्क्यांवर प्रत्येक फेरीला 3.1 डेसिबल, साधारण साडेअकरा सेकंद. 85 टक्क्यांवर 1.4 डेसिबल, आणि शेपूट तब्बल 25 सेकंद, म्हणजे पूर्ण आठ आवर्तनं. दर दोन आवर्तनांनी एक अक्षर फेकत असाल आणि फीडबॅक 85 वर असेल, तर कुठल्याही क्षणी चार अक्षरांची शेपटं एकावर एक वाजत असतात. मिक्स गढूळ होण्याचं हे पहिलं कारण, आणि ते ईक्यूने सुटत नाही. एक तर फीडबॅक 60-65 वर आणावा, नाहीतर कमी अक्षरं फेकावीत. आठ आवर्तनांत एक मोठी फेक आणि एक छोटी, एवढंच पुष्कळ.

फिल्टर डिलेच्या पुढे लावायचा की फेरीच्या आत? आतच. आत असलेला फिल्टर प्रत्येक फेरीला पुन्हा लागतो. 5 किलोहर्ट्झवर नुसता 1 डेसिबल कमी करणारा फिल्टर दहाव्या फेरीला तिथे 10 डेसिबल कमी करतो, म्हणून एको दूर जाताना अंधारात शिरल्यासारखा होतो. टेपच्या जुन्या मशीनमध्ये, उदाहरणार्थ 1974 च्या रोलँड आरई-201 स्पेस एकोमध्ये, हे टेप आणि हेडमुळे आपोआप होतं. प्लगिनमध्ये हाय-पास 250-300 ला आणि लो-पास (वरचे सूर कापणारा) 2.5-3 किलोहर्ट्झला हाताने लावावा लागतो.

याची उलटी बाजू अशी की चूकही तशीच वाढते. फेरीच्या आत 300 हर्ट्झवर 2 डेसिबलचा उंचवटा राहिला आणि फीडबॅक 85 टक्के असला, तर त्या एका पट्ट्यात उणे 1.4 अधिक 2, म्हणजे प्रत्येक फेरीला 0.6 डेसिबलची वाढ. बाकी सगळं विरतं, तो एक सूर मात्र फुगत जातो आणि अर्ध्या मिनिटाने घुमायला लागतो. ‘डिले मध्येच का किंचाळतो’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. फेरीत लिमिटर (पातळी मर्यादेपुढे जाऊ न देणारा) ठेवावा आणि उंचवटा शोधून कापावा. नुसता फीडबॅक कमी केला तर किंचाळणं थांबतं, पण शेपूटही मरतं.

रिव्हर्ब (खोलीसारखी घुमण) वेगळ्या सेंडवर, स्प्रिंगचा, आणि परतीच्या वाटेवर 400 हर्ट्झखाली साफ. डिलेची परत थोडीशी रिव्हर्बमध्ये पाठवली तर एको खोलीतून बाहेर पडल्यासारखा होतो. रिव्हर्ब पुन्हा डिलेत पाठवायचा मोह होतो. तो दोन-चार सेकंदांसाठीच आणि बोट नॉबवर ठेवून.

व्हर्जन आणि लेथ

व्हर्जन म्हणजे आवाजाचा ट्रॅक म्यूट करून निर्यात केलेली फाइल नव्हे. त्यात आवाजाच्या खुणा ठेवतात: एका ओळीचं पहिलं अक्षर येतं, कोरडा आवाज बंद, आणि एकोमध्ये फक्त त्याचं शेपूट जातं. तांत्रिकदृष्ट्या यासाठी सेंड ‘प्री-फेडर’, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज उचलणारा, हवा. पोस्ट-फेडर असेल तर फेडर खाली घेताच एकोलाही काही पोहोचत नाही आणि माणूस अर्धा तास केबल तपासत बसतो.

रेकॉर्ड कापायची असेल तर काही बंधनं आधीच पाळावी लागतात. 150 हर्ट्झखाली सगळं मोनो. स्टिरिओतला फरक लेथवर वर-खाली हालचाल होऊन उतरतो, आणि जड बेसला तो फरक मिळाला तर खाच उथळ होऊन सुई उडते. डिलेची परत डावी-उजवी नाचवत असाल तर तिच्यातला हाय-पास इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. कापताना आरआयएए या ठरलेल्या वळणामुळे (खालचे सूर कमी, वरचे जास्त) 10 किलोहर्ट्झ सुमारे 13.7 डेसिबल वर जातो, म्हणून ‘स-श’ कटर हेडला त्रास देतात. 5-8 किलोहर्ट्झमध्ये डी-एसरने (‘स-श’ दाबणाऱ्या साधनाने) 3-4 डेसिबल आधीच घ्यावेत. दहा इंची तबकडीत सुई बाहेरच्या साधारण 24 सेंटिमीटर व्यासापासून आतल्या 12 पर्यंत येते, म्हणजे सुईखालून खाच सरकण्याचा वेग शेवटी निम्मा. तेजस्वी आवाज शेवटी टाकला की फाटतो. गाणं सुरुवातीला आणि शेवटची दोन मिनिटं नुसता बेस नि विरणारे एको, ही डबची जुनी रचना इथे आपसूक सोयीची पडते.

पुढे काय झालं, आणि हिशेब

2003 मध्ये ‘विथ दि आर्टिस्ट्स’ हा संग्रह आला, ज्यात कॉर्नेल कॅम्पबेलसारखे जमैकाचे जुने गायक होते आणि पॉल सेंट हिलेअरही होता, आता टिकीमनऐवजी स्वतःच्या नावाने. त्याच वर्षी त्या ट्रॅकची व्हर्जनं वेगळ्या संग्रहात निघाली. 2005 च्या ‘सी मी या’मध्ये तर एकच ठेका आणि त्यावर एकामागून एक गायक, विली विल्यम्स आणि शुगर मिनॉट धरून. तो सलग ऐकताना लक्षात येतं की ठेक्यात सोडलेली जागा कुणा एकाच्या मापाची नव्हती. पण त्यातला कोण त्या जागेत सहज वावरतो आणि कोण ती भरून टाकू बघतो, हेही लगेच कळतं. सेंट हिलेअरने पुढे ‘फॉल्स ट्यून्ड’ हे आपलं लेबल काढलं, इतर निर्मात्यांबरोबर गायला, 2014 मध्ये डेडबीट या निर्मात्याबरोबर अख्खा अल्बम केला.

एकाच ठेक्यावर अनेक आवाज आणि आवाजाशिवाय व्हर्जन, या पद्धतीत पैशाचा घोळ ठरलेला असतो, म्हणून कागद रेकॉर्डिंगच्या दिवशीच करावा. त्यात गाणं आणि व्हर्जन या दोन वेगळ्या नोंदी हव्यात. गाण्यात ठेक्याची रचना निर्मात्याची, शब्द आणि गायची चाल गायकाची. तो अर्धा-अर्धा वाटा पुष्कळ ठिकाणी धरतात. व्हर्जनमध्ये आवाजाचा एकही अंश नसेल तर ते निर्मात्याचं. पण एकोत का होईना, चालीचा ओळखू येणारा तुकडा उरला असेल तर गायकाचा वाटा तिथेही लिहावा, दहा टक्के असो की पंचवीस. त्याच ठेक्यावर उद्या दुसरा गायक गाणार असेल तर पहिल्याला आधी कळवायचं की नाही, हेही एका ओळीत नमूद करावं. भांडणं टक्क्यांवरून कमी आणि न कळवण्यावरून जास्त होतात.

भारतात 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही. त्यामुळे ‘एकरकमी घेऊन सगळे हक्क सोडले’ अशी चिठ्ठी लिहून घेतली तरी या भागापुरती ती टिकत नाही. शब्द आणि चाल ज्यांची, त्यांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीकडे कामाची नोंद करावी. गायक म्हणून मिळणारा हक्क वेगळा, तो इसाम्रा या गायक-वादकांच्या सोसायटीकडे. दोन्ही नोंदींमध्ये गाण्याचं नाव आणि व्हर्जनचं नाव स्पष्ट वेगळं ठेवावं, कारण दोन्ही एकाच नावाने चढवली की कुणाच्या खात्यात काय जमा झालं हे वर्षभराने शोधणं जवळपास अशक्य होतं.